चिवड्याचे डबे आणि न ठरलेला छंद

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकच गोष्ट झटपट ठरवली, ती म्हणजे लग्न, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या. मग जरा थांबून म्हणायच्या, "तेही मीच ठरवलं होतं. यांनी नुसतं 'बरं' म्हटलं."

नाशकात द्वारका चौकापलीकडच्या वसाहतीत, हमरस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येतील एवढ्या अंतरावर त्यांचं बैठं घर होतं. पुढची खोली भाड्याने द्यायची होती. मी चांदवडचा, पाटबंधारे खात्यात नुकता चिकटलेला कारकून, एकटा जीव. आणीबाणी उठली त्या सुमाराला मी खोली बघायला गेलो, तेव्हा हे गृहस्थ पायजमा आणि बंडी घालून ओट्यावर बसले होते. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, म्हणून सगळी वसाहत त्यांना सर म्हणायची. त्यांनी मला समोर बसवलं आणि शांतपणे म्हणाले, "तुम्हाला खोली का देऊ नये, यावर तुम्ही पाच मिनिटं बोला. का द्यावी, यावर मग मी बोलेन."

स्वतःविरुद्ध इतकं कळकळीने मी पूर्वी कधी बोललो नव्हतो. मी घोरतो, मला उशिरा उठायची खोड आहे, शिवाय दर खेपेला गावाहून येताना कांद्याची पिशवी आणतो आणि खोलीला त्याचा वास लागतो, असं काय काय मी सांगत सुटलो. सरांनी शाळेतली एक जुनी पितळी घंटा वाजवून मला थांबवलं. घंटा ऐकून वहिनी बाहेर आल्या. "कांदे आणता ना? मग घ्या खोली," म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. सरांचं भाषण राहूनच गेलं. ते त्यांनी मला पावसाळ्यात ऐकवलं, तोवर मी तिथे चांगला रुळलो होतो.

ही त्यांची रीतच होती. कुठलीही गोष्ट ठरवायची तर तिचा वादविवाद व्हायला हवा. दर रविवारी सकाळी ओट्यावर चहा यायचा, मध्ये घंटा ठेवली जायची, आणि मला कायम विरुद्ध बाजू मिळायची. मिशा ठेवाव्यात का? शाळेत सायकलने जावं की चालत? अंगणात पेरू लावावा की लिंबू? हा शेवटचा वाद इतके आठवडे चालला की खणून ठेवलेल्या खड्ड्यात पपई आपोआप उगवली. सर तिच्याकडे मोठ्या आदराने बघायचे. "हिने कुणाला विचारलं नाही," असं म्हणायचे.

बुधवारच्या बाजाराला ते नेमाने जायचे. गोदाकाठी सगळी पालं हिंडून, दोडके हातात घेऊन, वाकवून, परत ठेवून, घडी केलेली पिशवी तशीच काखेत मारून घरी यायचे. वहिनींनी विचारलं की सांगायचे, "दोडके पाहिले. चांगले वाटले. पण आतून जून निघाले तर? अजून ठरलेलं नाही."

'अजून ठरलेलं नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलेलं होतं की त्यात ओशाळेपणा अजिबात नसायचा. उलट ते म्हणताना त्यांचा चेहरा खुलायचा. वहिनी तेव्हा दारावर आलेल्या भाजीवालीकडून एका मिनिटात दोडके घेऊन, चिरून, फोडणीला टाकून मोकळ्या झालेल्या असायच्या.

तर अशा माणसाच्या हाती ते मासिक पडलं.

त्यांचा एक जुना विद्यार्थी बोटीवर नोकरीला होता. त्याने कुठल्याशा बंदरातून रेडिओ दुरुस्तीवरचं एक इंग्रजी मासिक पाठवलं. त्यात कपाटाएवढ्या यंत्रासमोर उभ्या असलेल्या एका दाढीवाल्याचा फोटो होता. यंत्रातून वायरींच्या जटा लोंबत होत्या. याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात, हे विजेवर सूर काढतं, असं सरांनी मला समजावलं. पेटीसारखं हे एकसंध वाद्य नसतं. वेगवेगळे भाग असतात. एक सूर काढतो, दुसरा तो जाडबारीक करतो, तिसरा त्याला हेलकावे देतो, आणि कुठला भाग कुठल्या भागाला वायरीने जोडायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. फोटोखालच्या लेखाचं शीर्षकच होतं, 'हा छंद तुम्ही घ्यावा का?'

दुसऱ्या कुणीही पान उलटलं असतं. सरांनी मात्र तो प्रश्न खास आपल्याला विचारलाय असं धरलं.

पुढच्या रविवारी घंटा वाजली. मी नेहमीप्रमाणे विरुद्ध बाजूने तुटून पडलो. नाशकात हे वाद्य कुणी पाहिलेलं नाही, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, शेजारी घर सोडून जातील, असं बरंच बोललो. सरांनी सगळं मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, "मुद्दे चांगले आहेत. पण भाडेकरू, जे वाद्य आपण ऐकलेलंच नाही, ते घ्यावं की नाही हे ठरवायचं कसं? ठरवायचं तर आधी ऐकायला पाहिजे."

"बरोबर."

"ऐकायचं तर ते इथे असायला पाहिजे. इथे मिळत नाही. म्हणजे बांधायला पाहिजे."

अशा रीतीने, हा छंद घ्यावा की नाही एवढंच ठरवण्यासाठी, सर ते यंत्र बांधायला बसले. पुढची चार-पाच वर्षं ते बांधत होते.

कपाट कुठून आणणार? त्यांनी चिवड्याचे डबे घेतले. नाशकात चिवड्याच्या रिकाम्या डब्यांना तोटा नाही. चौकोनी पत्र्याचे, झाकणाचे ते डबे त्यांनी मागच्या खोलीत भिंतीला लागून फळ्यांवर रचले आणि एकेका डब्यात यंत्राचा एकेक भाग बसवला. फिरवायच्या खुंट्या देवळाली कॅम्पातून यायच्या. तिथे लष्कराचं मोडीत निघालेलं सामान घेऊन भंगारवाले बसत. त्यामुळे आमच्या डब्यांवर जाडजूड, काळ्या, तोफखान्याला शोभतील अशा खुंट्या होत्या आणि खाली लिहिलेलं असायचं, 'चिवडा, तिखट.' यंत्र तासभर चाललं की डबे तापायचे आणि खोलीभर तळलेल्या कांद्याचा नि लसणाचा खमंग वास सुटायचा. मला आजही भूक लागल्यावर कुठूनतरी तो सूर ऐकू येतो.

पहिला आवाज निघाला तो दिवस मला आठवतो. डासाचा असावा तसा एक बारीक आवाज डब्यातून आला आणि सर खुर्चीवरून उठून चक्क नाचले. बंडीतले, विज्ञान शिकवणारे, पन्नाशीकडे झुकलेले सर. मीही नाचलो. वहिनी दारात येऊन बघत होत्या. "डास घरात होतेच की," म्हणाल्या, पण हसत होत्या.

गंमत अशी, की वाद्याला पट्ट्या नव्हत्या. मी विचारलं तर सर म्हणाले, "पट्ट्या बसवल्या की वाजवावं लागेल. वाजवलं की तो छंद झाला. तसं अजून ठरलेलं नाही."

यंत्रात एक दोष होता, त्याने सर हैराण होते. घरातली वीज जरा कमीजास्त झाली की सूर घसरायचा नाहीतर चढायचा. आमची वसाहत तारेच्या पार टोकाला. वहिनींनी स्वयंपाकघरात विजेची शेगडी लावली की मागच्या खोलीतला सूर धाडकन खाली यायचा आणि सर ओरडायचे, "शेगडी!" इस्त्री लावली की थोडाच उतरायचा. तेव्हा ओरडायचे, "इस्त्री!" वर्षभरात दोघांना त्याची सवय झाली आणि वहिनींनी त्याचा उपयोग करून घेतला. सरांना जेवायला हाका मारून घसा दुखायचा, म्हणून त्या शेगडीचं बटण दोनदा खालीवर करायच्या. सूर दोनदा बुडी मारून यायचा आणि सर हात धुवायला उठायचे. पाहुणे आले तर इस्त्री एकदा. माझा डबा भरून तयार असला तर शेगडी एकदा, इस्त्री एकदा, आणि ते ऐकून मीच पुढच्या खोलीतून जायचो. मी एवढ्या घरांत राहिलो, पण दुसऱ्या कुठल्या घरात मला जेवायला असं बोलावलं नाही.

एका रविवारी देवळालीहून खुंट्या घेऊन आम्ही सायकलवर डबलसीट येत होतो. वाटेत रसवंतीला थांबलो. मी सहज, थोडं चिडूनच विचारलं, "सर, एवढं बांधलंत, एवढं आवडतं, मग छंद घेतला म्हणायला हरकत काय आहे?"

सरांनी ग्लासातला फेस फुंकून बाजूला सारला. मग म्हणाले, "आमच्या घराण्यात शाळा शिकलेला मी पहिला. नोकरी करणारा पहिला. चार भिंतींचं पक्कं घर बांधणारा पहिला. तिन्ही वेळेला चुकायची सोय नव्हती. मागे कुणी केलेलं नाही, विचारायचं कुणाला? आणि माझं चुकलं असतं तर आमच्या गावचे, सायखेड्याचे लोक म्हणाले असते, बघा, यांना जमत नाही. म्हणून मी प्रत्येक गोष्ट सगळ्या बाजूंनी बघायला शिकलो." त्यांनी रस संपवला. "छंद असलेलाही मीच पहिला होणार, भाडेकरू. तेवढी छाती होत नाही."

इतकी वर्षं मी ज्याला त्यांचा विक्षिप्तपणा समजून हसत होतो, तो हा होता. त्या दिवशी मला त्यांच्याविषयी जी माया वाटली, ती नंतर कधी कमी झाली नाही. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम पेडल मारायला बसलो आणि ते मागे खुंट्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

इकडे वहिनींचा धीर सुटत चालला होता. त्यांना मागच्या खोलीत शिवणाचा क्लास काढायचा होता. वसाहतीतल्या बायका वाट बघत होत्या, बहिणीकडे एक जास्तीचं शिलाई मशीन नुसतं पडून होतं. अडचण एकच, खोली डब्यांनी भरलेली. एकदा जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि सांगितलं, "अहो, मी काही तुमच्या हौसेच्या आड येत नाही. हौस आहे असं म्हणा, मी क्लास ओट्यावर घेईन. नाही म्हणा, डबे माळ्यावर टाकू. पण 'ठरलेलं नाही' यासाठी मी खोली अडवून ठेवणार नाही. बुद्धपौर्णिमेला तुमचे बाबा येतायत, सगळी वसाहत असेल. चार माणसांत वाजवा आणि सांगून टाका."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पहिल्यांदाच विरुद्ध बाजू घेतली नाही. म्हटलं, "वहिनी म्हणतात ते बरोबर आहे."

मग जी तयारी सुरू झाली ती विचारू नका. सरांनी ठरवलं, की काहीच करामत करायची नाही. एक खोल, संथ, भरदार सूर, हळूहळू हेलकावे घेणारा, एवढाच ऐकवायचा. त्यासाठी त्यांनी महिनाभर प्रत्येक खुंटीची जागा शोधली. एकेका खुंटीवर वाद झाला. आणि सगळ्या जागा एकदाच्या ठरल्यावर, त्या पुन्हा बदलायचा मोह नको म्हणून त्यांनी प्रत्येक खुंटी लाखेने पक्की बंद करून टाकली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ठरवायची सवय नसलेला माणूस एकदम एवढं ठरवायला गेला की काहीतरी होणारच.

पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटली गेली, आणि दुपारी चारच्या सुमाराला सगळी वसाहत सरांकडे लोटली. मागची खोली भरली, मग व्हरांडा भरला. सरांचे वडील सायखेड्याहून सकाळीच आले होते. पांढरं धोतर, टोपी, कान शाबूत, नजर तल्लख. त्यांना डब्यांसमोर खुर्ची दिली होती. त्यांनी एका डब्यावर बोटाने टकटक केलं आणि मला विचारलं, "ह्यात चिवडा हाय का नाय?"

सूर वरखाली होऊ नये म्हणून सरांनी आदल्या दिवशी घरोघर जाऊन हात जोडले होते. उद्या चार वाजता कृपा करून आपापल्या शेगड्या, इस्त्र्या, पंखे, रेडिओ काही लावू नका. आता वसाहतीत सरांचा शब्द कोण मोडणार? निम्म्या घरांतली मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. लोकांनी एवढी चोख व्यवस्था केली, की काहींनी मेन स्विचच खाली ओढून ठेवले. मे महिन्याच्या उकाड्यात घामाने निथळत, पदराने नि टोपीने वारा घेत, माणसं मोठ्या भक्तिभावाने बसली होती.

आणि तिथेच घात झाला. महिनाभर सरांनी खुंट्या लावल्या होत्या त्या रोजच्या थकलेल्या विजेवर. आज सगळी वसाहत बंद, सुट्टीमुळे कारखाने बंद. तारेच्या टोकापर्यंत वीज नुसती दुथडी भरून आलेली. सरांनी बटण दाबलं आणि त्या डब्यांतून अशी किंकाळी फुटली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. बाहेर कुत्री भुंकायला लागली. खुंट्या फिरवाव्यात तर लाख. सर तसेच उभे राहिले, एक हात डब्यावर ठेवून. त्यांचा चेहरा मला बघवेना. चार माणसांत चुकायचं नाही म्हणून जन्मभर जपलेला माणूस, आणि चूक झाली ती नेमकी चार माणसांत.

बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "हिरीवरचं इंजान पाण्यावाचून पळतंय जनू."

तेवढ्यात सूर धाडकन खाली आला. मी वळून पाहिलं, तर वहिनी जागेवर नव्हत्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी शेगडी लावली होती. मग थोडा आणखी उतरला, म्हणजे इस्त्री. पण अजून चढाच होता. वहिनी पदर खोचून दारात आल्या. "अगं बायांनो, बसलात काय? घरी जा, शेगड्या लावा, चहा ठेवा. आणि पंखे लावून या."

बायका उठल्या. मिनिटभर काही झालं नाही. मग सूर एक पायरी उतरला. "ही कोपऱ्यावरच्या नर्सबाईंची शेगडी," कुणीतरी म्हणालं. आणखी एक पायरी. "हा आमचा पंखा," एक म्हातारे अभिमानाने म्हणाले. प्रत्येक घर लागलं की सूर उतरायचा आणि व्हरांड्यातून टाळ्या पडायच्या. किंकाळीची शिट्टी झाली, शिट्टीचा भोंगा झाला, आणि शेवटी कुणाची तरी एक इस्त्री लागली आणि तो सूर आला. तोच, खोल, संथ, भरदार. खोलीच्या जमिनीतून तो तळपायांना लागत होता. लसणाचा वास सुटला होता आणि सर डोळे मिटून उभे होते.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण वहिनींना आता रंग चढला होता. त्या परत आत गेल्या. सूर एकदा उसळला, खाली आला, परत उसळला. शेगडी, इस्त्री, दोन्ही बंद, इस्त्री. सर नेहमीसारखे हात धुवायला निघाले आणि मध्येच थबकले. ही जेवणाची खूण नव्हती. बटणं पुन्हा त्याच क्रमाने हलली, आणि पोरं ताडकन उठून दाराकडे धावली, कारण ती आमच्या गल्लीत येणाऱ्या कुल्फीवाल्याची आरोळी होती. अगदी तशीच, शेवटी लांबवलेली. बाबासुद्धा खुर्चीतून अर्धे उठले होते. मग जो हशा उसळला, त्यात माझे तर डोळेच गळायला लागले. "अजून एकदा," लोक म्हणाले. वहिनींनी आणखी दोनदा वाजवली, मग भंगारवाल्याची वाजवली, मग शाळेत सरांची नक्कल करणारी पोरं 'अजून ठरलेलं नाही' ज्या सुरात म्हणायची, तो सूर वाजवला. त्यावर तर सरच खाली बसले, पोट धरून.

गलका ओसरल्यावर बाबांनी विचारलं, "मंग, छंद कुनाचा म्हनायचा ह्यो? तुझा का सूनबाईचा? आमच्या टायमाला ठरवायला काय नव्हतंच, म्हून इचारतो."

वहिनी घाम पुसत दारात उभ्या होत्या. सरांनी तोंड उघडलं. "बाबा, ते अजून..."

"माझा," वहिनी म्हणाल्या. "माझं ठरलं." मग सरांकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पहिली मी झाले. चुकले असेन तर चुकले. आता तुम्ही दुसरे व्हा. दुसऱ्याला कसली भीती?"

रसवंतीतली गोष्ट सरांनी फक्त मलाच सांगितली असं मी समजत होतो. मग त्यांनी फळीवरची घंटा घेतली, ती वाजवली, आणि सगळ्या वसाहतीसमोर म्हणाले, "ठरलं."

त्याच खोलीत पुढे शिवणाचा क्लास निघाला. डबे वरच्या फळ्यांवर गेले, मशीनं खाली आली, आणि शिवणीवर इस्त्री फिरवायची वेळ आली की बायका आधी विचारायच्या, कुठल्या सुरात फिरवू?

पण सरांचं ठरलं हे मला खरं पटलं ते पौर्णिमेच्या पुढच्या बुधवारी. सर बाजारातून आले तेव्हा पिशवी काखेत नव्हती, हातात होती, आणि तिच्यातून दोडके डोकावत होते. वहिनींनी एक मोडून पाहिला. जून होता. दुसराही जून निघाला. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. हात धुऊन ते सरळ मागच्या खोलीत गेले.